टायर पॉलिशचे डाग: चाकामागचे तपकिरी ठिपके कसे ओळखायचे, कसे काढायचे

दसऱ्याच्या आदल्या दिवशी नागपुरातल्या कुठल्याही वॉशिंग सेंटरवर गाड्यांची रांग असते. पूजेला गाडी चकचकीत हवी असते. त्या वर्षी माझी पांढरी हॅचबॅकही त्या रांगेत होती. गाडी धुऊन, पुसून झाली आणि तिथला पोरगा म्हणाला, "ताई, टायरले पॉलिश मारून देऊ का? नवीनवाणी दिसते गाडी." मी हो म्हटलं. त्यानं चारही टायरांवर स्प्रे मारला. टायर ओलेगच्च काळे दिसत होते, छान दिसत होते. मी पैसे दिले आणि लगेच निघाले. दुसऱ्या दिवशी पूजा, झेंडूचा हार, आपट्याची पानं, आणि दुपारी सगळ्यांना घेऊन रामटेक. जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर झाले असतील.

आठवडाभरानं गाडी धुताना दाराच्या खालच्या भागावर आणि मागच्या बंपरच्या कोपऱ्यावर चहाचे शिंतोडे उडावेत तसे ठिपके दिसले. चिखल असेल म्हणून ओल्या फडक्यानं पुसले, ते हलले नाहीत. शेजारचे काका म्हणाले, "पेट्रोलनं पूस बेटा, निघून जाते." मी पुसलं. ठिपके थोडे फिकट झाले, पण बंपरच्या त्या कोपऱ्याची चमकही गेली. तो बंपर आधी एकदा गॅरेजात रंगवून घेतलेला होता. कारखान्यातल्या रंगापेक्षा असा रंग पेट्रोल-थिनरला लवकर नमतो, हे मला नंतर कळलं. काकांनी आपुलकीनंच सांगितलं होतं. पण हाच सल्ला गल्लोगल्ली दिला जातो आणि त्यानं दरवर्षी कितीतरी गाड्यांचा रंग मंद होतो, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. ज्यांनी नुकतीच पहिली गाडी घेतली आहे, त्यांच्यासाठी खास.

डाग काळा का नाही, तपकिरी का?

पॉलिश लावल्यावर टायर काळा दिसतो, मग डाग तपकिरी-पिवळा कसा, हा पहिला प्रश्न. उत्तर पॉलिशमध्ये अर्धंच आहे, उरलेलं अर्धं टायरमध्ये आहे.

टायरच्या रबराला हवेतला ओझोन चिरा पाडतो. ते होऊ नये म्हणून टायर बनवतानाच रबरात संरक्षक रसायनं मिसळतात. त्यांतलं सर्वांत जास्त वापरलं जाणारं ६पीपीडी. हे रसायन रबरात एका जागी बसून राहत नाही, हळूहळू पृष्ठभागाकडे सरकत राहतं, आणि तसं सरकणं हेच त्याचं काम आहे. पृष्ठभागावर आलं की ओझोनशी तेच झुंजतं आणि झुंजता झुंजता तपकिरी होतं. जुन्या उभ्या गाडीचे टायर मातकट दिसतात ते याच कारणानं. ती सगळी माती नसते.

आता त्यावर पॉलिश पडतं. बाजारात पॉलिश ढोबळमानानं दोन प्रकारचं मिळतं. एक पाण्याच्या आधारावरचं, दिसायला दुधासारखं पांढरं. दुसरं पेट्रोलियम द्रावकाच्या आधारावरचं, पारदर्शक, तेलकट, उग्र वासाचं. दोन्हींत चमक देणारा घटक बहुधा सिलिकॉन तेल असतो. पाण्यातलं पॉलिश टायरवर बसून वाळतं. द्रावकातलं पॉलिश मात्र टायरवर आलेला तो तपकिरी थर स्वतःत विरघळवून घेतं. म्हणजे चाकावरून जो थेंब उडतो तो नुसता पॉलिशचा नसतो, त्यात सिलिकॉन, द्रावक, टायरची काजळी आणि ते डाग पाडणारं रसायन असं सगळं असतं. रंगावर पडला तेव्हा तो जवळपास दिसतही नाही. पुढच्या काही दिवसांत द्रावक उडून जातो, ते रसायन ऊन आणि हवा खाऊन गडद होतं आणि ठिपका उमटतो. म्हणूनच डाग आठवड्यानं दिसतो, आणि म्हणूनच त्याचा संबंध पॉलिशशी आहे हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

थेंब उडतो किती जोरानं, याचा हिशेब मी एकदा कागदावर मांडला होता. साठ सेंटिमीटर व्यासाचं चाक ताशी ६० किलोमीटर वेगात सेकंदाला जवळपास नऊ फेरे मारतं. टायरच्या कडेजवळच्या थेंबावर तेव्हा बाहेर फेकणारा जोर त्याच्या वजनाच्या ऐंशीपटीहून जास्त असतो. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. समृद्धी महामार्गावर ताशी १२० ची मर्यादा आहे. ओल्या टायरनं शहरातून निघून थेट शिवमडक्याच्या बाजूनं समृद्धीला लागलात, तर टायरवरचं जास्तीचं पॉलिश पहिल्या काही मिनिटांतच दारांवर पोचलेलं असेल.

आपल्याकडे त्यात उन्हाळ्याची भर. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्यावर हात ठेववत नाही, सिमेंटचा रस्ताही तापलेला असतो. गरम टायरवर पॉलिश पातळ होऊन ओघळतं आणि गरम रंगात डाग लवकर मुरतो.

आधी ओळख पटवा

डागावर काहीही चोळण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघा. चाकाजवळच्या भागावर निरनिराळे डाग पडतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे.

पॉलिशचा डाग चाकाच्या मागच्या बाजूला, दाराच्या खालच्या अर्ध्या भागावर किंवा मागच्या बंपरच्या कोपऱ्यावर, एका कमानीत पसरलेला दिसतो. ठिपके लांबट असतात, काहींना शेपटी असते. डोळे मिटून बोट फिरवलं तर उंचवटा लागत नाही, ताजा असेल तर किंचित बुळबुळीत लागतो. रंग चहासारखा किंवा फिका पिवळा.

डांबराचा ठिपका काळा असतो आणि बोटाला टोचतो. शहरातले बरेच रस्ते आता सिमेंटचे झाले असले तरी बाहेरगावी नव्या डांबरी रस्त्यावरून एकदा जाऊन आलात की हे ठिपके आलेच.

ब्रेकची लोखंडी पूड रंगात रुतली तर अगदी बारीक, सुईच्या टोकाएवढे नारिंगी-तपकिरी कण दिसतात. ते फक्त चाकामागे नसतात, थोडे सगळीकडे असतात, आणि हात फिरवला तर खरखरीत लागतात. यांच्यासाठी लोखंड विरघळवणारा वेगळा क्लीनर मिळतो. कणावर पडला की तो जांभळा होतो. पॉलिशच्या डागावर त्याचा काही उपयोग नाही.

आणि पांढरी वर्तुळं म्हणजे बोअरच्या पाण्याचे क्षार. त्यांचा टायरशी संबंध नाही, पण गाडी धुण्याच्या पद्धतीशी आहे. त्याबद्दल पुढे.

आणखी एक खूण. गाडी नीट धुऊन त्या भागावर थोडं पाणी शिंपडा. सिलिकॉन जिथं आहे तिथून पाणी पळतं, आजूबाजूला पसरतं. गाडीवर वॅक्स असेल तर मात्र ही खूण चालत नाही, कारण तिथं पाणी सगळीकडूनच पळतं.

सामान आणि वेळ

कार शॅम्पू, दोन बादल्या, चार-पाच स्वच्छ मायक्रोफायबर कापडं, डांबर काढायचा टार रिमूव्हर, मेडिकलमध्ये मिळणारं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि शेवटच्या टप्प्यासाठी क्ले बार (रंगात रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीची वडी) व गाडीच्या रंगासाठीचं बारीक पॉलिश, टायरचं नव्हे. सगळं एकदम आणायची गरज नाही. पहिल्या दोन पायऱ्यांत काम झालं तर बाकीचं लागणारच नाही.

सॅनिटायझर अल्कोहोलच्या जागी वापरू नका. त्यात बहुधा ग्लिसरीन आणि जेल असतं, ते रंगावर चिकट थर सोडतं.

वेळ सकाळी आठच्या आत किंवा सूर्य मावळल्यावर. गाडी सावलीत असावी आणि पत्रा हाताला गार लागला पाहिजे. नागपुरात एप्रिल ते जून ही अट सगळ्यांत महत्त्वाची. गरम पत्र्यावर शॅम्पू आणि टार रिमूव्हर दोन्ही वाळून बसतात आणि एका डागाचे दोन होतात.

पाण्याचंही बघा. घरी नळाला पेंच-कन्हानचं पाणी येत असेल तर तेच वापरा. बोअरचं असेल तर पाणी वाळू न देता लगेच पुसा. आणि आरओचं वाया जाणारं पाणी साठवून गाडी धुणाऱ्यांना कळकळीनं सांगते, पाणी वाचवायची भावना चांगली आहे, पण त्या पाण्यात आधीच्या पाण्यातले क्षार गोळा झालेले असतात. ते फरशीला, गाडीच्या खालच्या चिखलाला वापरा, रंगावर शेवटचा हात त्याचा नको.

पायरी पहिली: धुणं

आधी नुसत्या पाण्यानं धूळ-माती उतरवा. ही घाई करायची जागा नाही. कोरडी धूळ असताना फडकं मारलं की रंगावर जाळीसारखे ओरखडे येतात, आणि उन्हात उभी केल्यावर ते प्रत्येक दिव्याभोवती, प्रत्येक किरणाभोवती गोल गोल दिसतात. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या बाजूला राहणाऱ्यांच्या गाडीवर राखेचा बारीक थरही असतो, त्यांनी पाणी जास्त वेळ मारावं.

मग एका बादलीत शॅम्पूचं पाणी, दुसऱ्या बादलीत साधं. कापड प्रत्येक फेरीला साध्या पाण्यात पिळून मगच शॅम्पूत बुडवायचं. वरून खाली या, चाकाजवळचा भाग सर्वांत शेवटी, आणि त्या भागाचं कापड वेगळं ठेवा.

डाग दोन-तीन दिवसांच्या आतला असेल तर तो इथंच बराचसा जातो. भांडी घासायचा साबण एकदा वापरला तर आकाश कोसळत नाही, तो तेलकटपणा काढतो. पण त्यानं वॅक्सही उतरतं, म्हणून रोजच्या धुण्यात तो नको. कपडे धुण्याची पावडर तर अजिबात नको.

पायरी दुसरी: तेलकट थर काढणं

बहुतेक लोक इथं चुकतात, म्हणून थोडं थांबून सांगते.

डागात दोन गोष्टी आहेत हे लक्षात ठेवा: वरचा सिलिकॉनचा तेलकट थर आणि त्याखाली मुरलेला तपकिरी रंग. सिलिकॉन पाण्यात विरघळत नाही आणि अल्कोहोलमध्येही धड विरघळत नाही. म्हणून अल्कोहोलनं कितीही पुसलं तरी ते फक्त पसरतं. त्याला पेट्रोलियम जातीचं द्रावक लागतं, पण सौम्य. टार रिमूव्हर ते काम करतं.

आधी दाराच्या आतल्या चौकटीवर, दार उघडल्यावरच दिसेल अशा जागी, थोडं लावून बघा. दोन मिनिटांनी पुसा. कापडावर गाडीचा रंग आला नाही आणि जागा मऊ पडली नाही, तर पुढे जा. ही तपासणी टाळू नका, विशेषतः जुनी गाडी विकत घेतली असेल तर. तिचा कोणता भाग कधी रंगवला गेलाय हे आपल्याला माहीत नसतं.

मग रिमूव्हर डागावर न फवारता कापडावर घ्या. कापड ठिपक्यावर वीस-तीस सेकंद नुसतं टेकवून ठेवा, मग हलक्या हातानं एकाच दिशेनं पुसा. गोल गोल चोळायचं नाही. प्रत्येक वेळी कापडाची नवी घडी. जुन्याच घडीनं पुसलं तर उचललेलं सिलिकॉन शेजारी लावता आहात. एका वेळी तळहाताएवढाच भाग घ्या, तो झाला की लगेच शॅम्पूच्या पाण्यानं धुऊन टाका.

काही टार रिमूव्हरमध्ये लिमोनीन असतं. हे संत्र्याच्या सालीतलं तेल. आपण संत्र सोलताना डोळ्यात चुरचुरणारा जो फवारा उडतो, तेच. ग्रीस आणि डांबर विरघळवण्यात ते चांगलंच गुणी आहे आणि वासही आपल्या ओळखीचा येतो. हे वाचून कोणी साल घेऊन थेट दारावर घासू नये. सालीबरोबर रस आणि बारीक कचराही येतो, आणि तेल किती लागलं याचा अंदाज राहत नाही. बाटलीतलंही बाटलीवर लिहिल्यापेक्षा जास्त वेळ ठेवायचं नाही.

धुऊन पुसल्यावर आता अल्कोहोलची पाळी. ७० टक्क्यांचं अल्कोहोल आणि तेवढंच पाणी एकत्र करा, कापड जरासं ओलं करून जागा एकदा पुसा. रिमूव्हरचा उरलेला पातळ थर निघतो आणि खरा रंग दिसतो. कारण तेलकट थराखाली डाग कधी कधी लपतो, जागा ओलसर चमकते, आणि आपण काम झालं समजून उठतो.

इथं डाग गेला असेल तर पाचव्या पायरीवर जा.

पायरी तिसरी: क्ले बार

ही पायरी खरबरीतपणासाठी आहे. हात फिरवल्यावर पत्रा गुळगुळीत लागत असेल तर सरळ वगळा. खरबरीत लागत असेल तर क्लेचा लिंबाएवढा गोळा दाबून चपटा करा, पत्र्यावर भरपूर शॅम्पूपाणी, आणि दाब न देता सरकवा. गोळा जमिनीवर पडला तर तो टाकून द्यायचा, धुऊन परत वापरायचा नाही. त्याला चिकटलेला एक वाळूचा कण दारभर रेघ ओढतो.

पायरी चौथी: पॉलिश, आणि थांबायचं कुठं

इथवर येऊनही फिका पिवळा ठिपका दिसत असेल, तर डाग रंगाच्या वर नाही, आत आहे.

गाडीच्या पत्र्यावर थर असतात. पत्रा, त्यावर गंजरोधक थर, प्रायमर, मग रंग, आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हा क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज घ्या. ऊन अडवायचं सगळं काम याच थराकडे आहे. हातानं बारीक पॉलिश केलं तर त्यातला अगदी थोडा भाग जातो. पण गॅरेजात मशीनवर जाड कंपाउंड लावून 'रबिंग' करतात तेव्हा कितीतरी जास्त जातो, आणि गेलेला थर परत येत नाही. एकाच जागी चार-पाच वर्षांत दरवेळी रबिंग करून घेतलेल्या गाड्यांचा क्लिअर कोट नागपूरच्या उन्हात पापुद्र्यासारखा सुटतो. बोनेट आणि टपावर पांढरट चट्टे पडलेल्या गाड्या तुम्ही रस्त्यावर पाहिल्याच असतील.

म्हणून हातानं, फोमच्या पॅडवर, वाटाण्याएवढं बारीक पॉलिश घेऊन डागाभोवती वीतभर जागेत सुरुवात करा. मध्यम दाब, वीस-पंचवीस हात, मग पुसून बघा. पॅडवर गाडीचाच रंग आला तर लगेच थांबा. त्याचा अर्थ त्या भागावर क्लिअर कोट नाही, तुम्ही थेट रंगच घासता आहात. काही साध्या रंगांच्या जुन्या गाड्यांवर आणि स्वस्तात रंगवलेल्या भागांवर असं असतं.

रंग आला नाही आणि डाग फिकट होतो आहे, तर आणखी एक-दोन फेऱ्या. तीन फेऱ्यांनंतरही फरक पडत नसेल तर सोडून द्या. दोन मीटरवरून न दिसणारा पिवळसर ठिपका आणि पातळ झालेला क्लिअर कोट यांत मी दरवेळी ठिपका निवडते. फारच खुपत असेल तर डिटेलिंगचं काम करणाऱ्याकडे जा आणि आधी रंगाची जाडी मोजायला सांगा. त्यासाठी छोटं मीटर असतं. ज्याच्याकडे ते नाही त्याच्या हातात मशीन देऊ नका.

दारांच्या कडा आणि पत्र्यावरच्या उठावदार रेषा यांच्यापासून पॅड दूर ठेवा. तिथं थर मुळातच पातळ असतो.

पायरी पाचवी: वर आवरण

साफ केलेली जागा आता उघडी आहे, वॅक्स उतरलेलं आहे. त्याच दिवशी वॅक्स किंवा सीलंटचा पातळ हात द्या. पुढचा शिंतोडा आधी त्यावर पडेल आणि धुण्यात निघेल. सिरॅमिक कोटिंग असलेल्यांना थोडा जास्त वेळ मिळतो, एवढंच. डाग पडत नाहीत असं नाही.

पीपीएफ, म्हणजे रंग वाचवायला चिकटवतात ते पारदर्शक आवरण, लावलेल्या गाडीवर हा प्रश्न जास्त अवघड आहे. ती प्लास्टिकची फिल्म असते, तपकिरी रसायन तिच्यात मुरतं आणि पिवळेपणा सोडतं. तिथं शॅम्पू आणि पातळ केलेलं अल्कोहोल यापुढे स्वतःच्या मनानं जाऊ नका, फिल्म बसवणाऱ्याला विचारा.

काय लावायचं नाही

थिनर नको. पेंटरच्या हातात ते औजार आहे, आपल्या हातात नाही. पुन्हा रंगवलेल्या भागावर आणि प्लास्टिकच्या बंपरवर तर मुळीच नको.

पेट्रोल नको. ते पेट घेतं हे एक कारण पुरेसं आहे, त्यात मे महिन्याची उष्णता. शिवाय ते लवकर उडून जातं आणि विरघळलेला डाग जागेवर पसरवून ठेवतं.

रॉकेलनं डांबर निघतं हे खरं, पण मागे तेलकट थर राहतो, त्यावर धूळ बसते आणि तो पुन्हा शॅम्पूनं धुवावाच लागतो. मग टार रिमूव्हरच बरं.

टूथपेस्ट, लिंबू-सोडा, भांड्यांची घासणी, यांतलं काहीही नको. यांनी डाग जात नाही, भोवतीचा रंग मात्र घासला जातो.

आणि गाडी लवकरच रंगवायला द्यायची असेल तर पेंटरला पहिल्यांदा सांगा की इथं टायर पॉलिश उडालेलं आहे. सिलिकॉनचा अंश राहिला तर नवा रंग त्यावर धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात आणि सगळं घासून पुन्हा करावं लागतं. ऐकून घेणारा पेंटर आधी ग्रीस रिमूव्हरनं जागा दोनदा पुसतो, मगच सँडपेपर लावतो. आधी सँडपेपर मारला तर सिलिकॉन ओरखड्यांत बसतं.

पॉलिश लावायचंच असेल तर

टायर पॉलिश वाईट नाही. स्वच्छ काळे टायर मलाही आवडतात. फक्त ते कमी आणि कोरडं हवं.

सुरुवात टायर धुण्यापासून करा. ताठ ब्रश आणि शॅम्पूनं टायरची बाजू घासा. पहिला फेस तपकिरी येईल, तेच ते रसायन. फेस पांढरा येईपर्यंत घासा, दोन किंवा तीन वेळा लागतं. वॉशिंग सेंटरवर हे कोणी करत नाही, मळक्या टायरवरच फवारा मारतात, आणि अर्धा डाग तिथंच तयार होतो. नव्या टायरला तर हे पहिल्या काही धुण्यांत आवर्जून करा.

टायर पूर्ण वाळू द्या. अक्षरांच्या खोबणीत पाणी राहतं, त्यावर पॉलिश तरंगतं आणि पहिलं तेच उडतं.

पॉलिश पाण्याच्या आधारावरचं, पांढरं दुधट घ्या. स्पंजवर घ्या, टायरवर फवारू नका. फवाऱ्यातला अर्धा भाग रिमवर, ब्रेकच्या डिस्कवर आणि मडगार्डवर जातो, आणि ब्रेकच्या डिस्कवर तेलकट काहीही जाणं धोक्याचं आहे. टायर गार असावा. एका टायरला नाण्याएवढा थेंब दोनदा घेतला तरी पुरतो.

पातळ हात दिल्यावर अर्धा तास थांबा आणि मग कोरड्या कापडानं टायर पुसून घ्या. सगळ्या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. कापडावर जेवढं काळं आलं तेवढं दारावर जाणार होतं. रिमला लागून असलेली खाच आणि अक्षरांच्या कडा बोटानं पुसा, जास्तीचं पॉलिश तिथंच साठतं.

टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर पॉलिश कधीही लावायचं नाही, पकड जाते. आणि दुचाकीच्या टायरला तर कुठंच नाही. वळणावर दुचाकी झुकते तेव्हा टायरची कडच रस्त्याला टेकते. सणाच्या दिवशी घरातल्या मुलांनी हौसेनं गाडीबरोबर स्कूटरचेही टायर चमकवले तर चावी द्यायच्या आधी ते साबणानं धुऊन घ्या.

मडफ्लॅप लावल्यानं मागे उडणारं बरंच अडतं, पण दाराच्या बाजूला उडणारं अडत नाही. त्यावर विसंबून पुसणं टाळू नका.

बाहेर धुवायला देत असाल तर गाडी देतानाच सांगा, धुऊन झाल्यावर नाही. "टायरले पॉलिश नको मारू भाऊ, नुसते धुऊन दे" एवढं पुरतं. सर्व्हिस सेंटरवर तोंडी सांगितलेलं आत धुणाऱ्यापर्यंत पोचत नाही. जॉब कार्डवर, म्हणजे कामं लिहून घेतात त्या कागदावर, 'टायर पॉलिश लावू नये' असं लिहून घ्या आणि सही करण्याआधी ते लिहिलं आहे का वाचा. तरीही लावलेलं असेल तर गाडी बाहेर काढण्याआधी डिकीतलं जुनं कापड घेऊन चारही टायर तिथंच पुसा. पाच मिनिटं लागतात. मागे उभा असलेला हॉर्न वाजवेल, वाजवू द्या.

दसऱ्याचं पॉलिश आता मी दोन दिवस आधी संध्याकाळी घरीच लावते, अर्ध्या तासानं पुसते आणि गाडी रात्रभर उभी ठेवते. बंपरचा तो कोपरा अजून मंदच आहे, तेवढा भाग रंगवायचा राहिला आहे.